धर्माचा रकाना, जातीचा रकाना

मी अर्थशास्त्र शिकवतो. बी. ए. च्या वर्गाला ‘लोकसंख्या’ नावाचे एक प्रकरण असते. त्यात माल्थस असतो, जन्मदर आणि मृत्युदर असतात, आणि शेवटी ‘लोकसंख्यावाढ : एक समस्या’ हा ठरलेला प्रश्न असतो. गंगाखेड, सोनपेठ, पालम या तालुक्यांतल्या खेड्यांतून आलेली मुले हे प्रकरण पाठ करतात आणि पेपरात उतरवून मोकळी होतात. गेली काही वर्षे हे प्रकरण सुरू करण्यापूर्वी मी त्यांना एक प्रश्न विचारतो : तुम्हाला कोणी मोजले, आणि कोण म्हणून मोजले? वर्ग गप्प होतो. आपण कधीतरी मोजले गेलो आहोत, ही गोष्टच त्यांना नवी असते.

हा प्रश्न माझा नव्हे, माझ्या आजीच्या एका उत्तरातून तो निघाला आहे. २०११ च्या फेब्रुवारीत मी परभणीला वसतिगृहात राहून शिकत होतो. आजीला बरे नाही असा निरोप आला म्हणून दोन दिवसांसाठी गावी गेलो. आईवडील, थोरला भाऊ आणि वहिनी दिवाळीनंतरच कोयते घेऊन सांगली जिल्ह्यात ऊसतोडीला गेलेले. घरात आजी एकटी. दुपारी शाळेचे एक गुरुजी जनगणनेचे कागद घेऊन वस्तीत आले. त्यांनी धर्म विचारला. आजी म्हणाली, “बुद्धाचा.” मग गुरुजी म्हणाले, “आजी, जात सांगा.” आजी म्हणाली, “जात कव्हाच टाकली गुर्जी. बाबासाहेब गेले त्याच्या पुढल्या साली टाकली. आता पुन्हा कशाला इचारता?” गुरुजी हसले, काहीतरी लिहिले आणि पुढल्या घराकडे गेले. त्यांच्या वागण्यात तिरस्कार नव्हता, हेही सांगितले पाहिजे. त्यांना फक्त उरकायचे होते.

मला त्या वेळी आजीचा अभिमान वाटला. तो आजही आहे. पण पुढे शिकवण्याच्या निमित्ताने जनगणनेचे तक्ते हाताळू लागलो, तेव्हा त्या पाच मिनिटांत काय घडले होते याचा उलगडा झाला. आमच्या सहा माणसांच्या घरातून त्या दिवशी एकच माणूस लिहिला गेला होता. आणि तो एक माणूसही, नियमाप्रमाणे पाहिले तर, अनुसूचित जातीचा म्हणून लिहिला जाण्याचे कारण नव्हते.

नियम असा आहे. २०११ च्या पत्रकात आधी धर्म विचारला जाई, त्यानंतर ही व्यक्ती अनुसूचित जातीची किंवा जमातीची आहे काय, आणि असल्यास त्या जातीचे नाव काय, हे विचारले जाई. हे नाव सरकारी यादीतलेच असावे लागते. महाराष्ट्राच्या यादीत ५९ नोंदी आहेत. ३७ व्या क्रमांकावर महार, मेहरा, तराळ, धेगू मेगू असे लिहिले आहे. ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ अशी जात त्या यादीत नाही, असण्याचे कारणही नाही. ‘दलित’, ‘हरिजन’ हे शब्दही चालत नाहीत. म्हणजे जो मनुष्य धर्म ‘बौद्ध’ सांगतो आणि जातीचे नाव सांगण्यास नकार देतो, तो राज्याच्या लोकसंख्येत राहतो, बौद्धांच्या संख्येत राहतो, परंतु अनुसूचित जातींच्या संख्येतून मात्र गळतो. माणूस तोच, त्याची वस्ती गावकुसाबाहेरची तीच. फक्त रकाना बदलला.

एका रकान्याने एवढे काय होते, असे कोणी विचारील. याचे उत्तर महाराष्ट्राच्या आकड्यांत लख्ख लिहिलेले आहे, आणि माझी तक्रार अशी आहे की आपल्या सभासंमेलनांतून भाषणे पुष्कळ होतात, पण हे आकडे फारसे कोणी फळ्यावर लिहीत नाही.

१९५१ साली आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत अडीच हजारांच्या आसपास बौद्ध होते. त्या वेळी परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली. १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. धर्मांतराची लाट गावोगाव पोचायला पुढची दोनतीन वर्षे लागली. मग १९६१ ची शिरगणती झाली आणि महाराष्ट्रात २७ लाख ८९ हजार बौद्ध भरले. अडीच हजारांचे जवळजवळ अठ्ठावीस लाख! जन्मदराने असे होत नसते. लोकांनी उठून एक रकाना सोडला आणि दुसऱ्या रकान्यात पाऊल टाकले. निरक्षर माणसांनी सरकारी कागदावर केलेले एवढे मोठे सामूहिक विधान देशाच्या इतिहासात मला दुसरे दिसत नाही.

परंतु राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशात असे कलम होते की हिंदूखेरीज अन्य धर्माचा मनुष्य अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला. बौद्ध बाहेरच राहिले. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना महाराष्ट्र सरकारने राज्यापुरत्या सवलती नवबौद्धांना दिल्या, त्यामुळे आमच्या आधीच्या पिढीतली पुष्कळ मुले शिकू शकली. मात्र केंद्राच्या नोकऱ्या, केंद्राच्या योजना आणि विधानसभा-लोकसभेच्या राखीव जागा या साऱ्या केंद्राच्या यादीवर चालत. त्या यादीच्या हिशेबी १९६१ साली महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे लोक अवघे २२ लाख २७ हजार, म्हणजे ५.६ टक्के होते. बौद्ध त्यात धरले असते तर साडेबारा टक्क्यांहून अधिक झाले असते.

१९७१ चे आकडे अधिक महत्त्वाचे आहेत, कारण पुढे तेच गोठले. त्या साली राज्याची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख. अनुसूचित जाती ३० लाख २६ हजार, म्हणजे बरोबर ६ टक्के. बौद्ध ३२ लाख ६४ हजार. या आकड्यांवर मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि विधानसभेच्या २८८ जागांपैकी १८ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव ठरल्या. लोकसभेच्या ४८ पैकी ३. आता बौद्ध आणि अनुसूचित जाती यांची बेरीज करून पाहा. साधारण साडेबारा टक्के येतात. त्या हिशेबाने विधानसभेत ३६ आणि लोकसभेत ६ जागा व्हायला हव्या होत्या. बरोबर निम्म्या मिळाल्या. महाराष्ट्रातल्या बौद्धांमध्ये धर्मांतर केलेल्या अस्पृश्यांखेरीज दुसरे फारसे कोणी नव्हते, त्यामुळे हा हिशेब थोडा इकडेतिकडे झाला तरी फार चुकत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा गुणाकार स्वतः करायला लावतो. एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “सर, म्हणजे आपण अर्धेच होतो.”

हे एका निवडणुकीपुरते असते तरी सोसता आले असते. परंतु १९७६ साल उजाडले. तो आणीबाणीचा काळ. कुटुंबनियोजनाचा जोर एवढा की महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक त्याच वर्षी मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही. त्याच वर्षी ४२ वी घटनादुरुस्ती झाली. तिने राज्याराज्यांतल्या लोकसभा-विधानसभा जागांची संख्या १९७१ च्या जनगणनेवर गोठवली. युक्तिवाद असा की ज्या राज्यांनी जन्मदर खाली आणला त्यांच्या जागा कमी होऊ नयेत, आणि ज्यांनी आणला नाही त्यांना बक्षीस मिळू नये. युक्तिवाद चुकीचा नव्हता. परंतु राज्यांच्या तंट्यासाठी घातलेल्या त्या बर्फात आमचाही आकडा गोठला, याची कोणाला आठवण राहिली नाही. १९७८ पासून २००४ पर्यंत विधानसभेच्या सात निवडणुका त्या अठरा जागांवर झाल्या. माझा जन्म नव्वदच्या आगेमागे झाला. मी जन्मण्यापूर्वी वीस वर्षे झालेल्या मोजणीवर, ज्या मोजणीत माझे वडील अनुसूचित जातीचे नव्हते, माझे प्रतिनिधित्व मी मतदार होईपर्यंत ठरत राहिले.

बाबासाहेबांना या मोजणीचे राजकारण पुरते ठाऊक होते. १९३२ च्या लोथियन समितीवर ते सभासद होते. मताधिकार आणि प्रतिनिधित्व संख्येवर मिळणार असे दिसताच काही प्रांतांतल्या सवर्ण पुढाऱ्यांना एकाएकी असा साक्षात्कार झाला की आमच्याकडे अस्पृश्य असे फारसे नाहीतच. त्याआधीच्या शिरगणत्यांत ते होते, विहिरीवर आणि देवळात तर नक्कीच होते. फक्त हक्क वाटण्याच्या वेळी ते नाहीसे झाले. बाबासाहेबांनी समितीच्या अहवालाला आपले वेगळे मत जोडले. संख्या नाकारणे हा अस्पृश्यतेचाच एक प्रकार आहे, असे मला ते प्रकरण वाचताना वाटले.

१९९० साली, आंबेडकर जन्मशताब्दीच्या सुमारास, विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारने कायदा दुरुस्त करून बौद्धांना यादीत घेतले. चौतीस वर्षांची चळवळ त्यामागे होती. (दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान त्या दुरुस्तीतही बाहेरच राहिले, हे विसरता कामा नये.) परिणाम लगेच दिसला. १९८१ साली राज्यात अनुसूचित जातींची संख्या ४४ लाख ८० हजार होती, ७.१४ टक्के. १९९१ साली ती ८७ लाख ५८ हजार झाली, ११.०९ टक्के. दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट. ‘त्यांना पोरेच फार होतात’ असे म्हणणाऱ्यांना हा आकडा दिसला तर ते त्याचाही पुरावा करतील. वस्तुस्थिती अशी की कायद्यातला एक शब्द वाढला आणि चाळीसएक लाख माणसे दिसू लागली.

तरीही जागा वाढायला आणखी अठरा वर्षे लागली. २००३ च्या ८७ व्या घटनादुरुस्तीने २००१ ची जनगणना धरण्यास परवानगी दिली आणि २००८ च्या पुनर्रचनेत राखीव जागा १८ वरून २९ झाल्या, लोकसभेच्या ३ वरून ५. आमच्या जिल्ह्याची गंमत अशी की त्याच पुनर्रचनेत आमचा गंगाखेड हा जुना राखीव मतदारसंघ खुला झाला आणि परभणी जिल्ह्याच्या चारही जागांत एकही राखीव उरली नाही. पण तो वेगळा विषय आहे.

जागा हा या गोष्टीचा डोळ्यांत भरणारा भाग. रोजच्या जगण्यात आकडा अधिक खोल शिरतो. १९७९-८० च्या सुमारास विशेष घटक योजना आली. अनुसूचित जातींचे प्रमाण लोकसंख्येत जेवढे, तेवढा हिस्सा योजनेच्या खर्चात, हे तिचे सूत्र. महाराष्ट्रात तो हिस्सा ११.८ टक्के धरला जातो, कारण २०११ च्या जनगणनेत ११.८१ टक्के भरले. पैसा पुरता खर्च होतो का, दुसरीकडे वळवला जातो का, हे भांडण आहेच; पण भांडणाला आधार तरी त्या आकड्याचा आहे. ग्रामपंचायतीतल्या राखीव जागा गावातल्या प्रमाणावर. वस्तीतला रस्ता, नाली, समाजमंदिर यांचा निधीही वस्तीच्या लोकसंख्येवर. रेशनचेही तसेच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली राज्याला किती माणसांचे धान्य मिळणार हे २०११ च्या लोकसंख्येवर ठरले. पुरवठा खात्यात त्याला ‘इष्टांक’ म्हणतात. घरात नवी सून आली, लेकरू झाले, नाव घालायला गेलात की उत्तर मिळते : इष्टांक संपला. २०२१ ची जनगणना कोरोनामुळे पुढे गेली आणि पुढे जातच राहिली. २०११ नंतर जन्मलेले पोर आज हायस्कुलात आहे. सरकारच्या कितीतरी हिशेबांत ते अजून जन्मलेलेच नाही.

आता पुन्हा आजीच्या उत्तराकडे येतो. २०११ साली महाराष्ट्रात ६५ लाख ३१ हजार बौद्ध होते. देशातल्या दर चार बौद्धांपैकी तीन आपल्या राज्यातले. त्यांपैकी अनुसूचित जातीचे म्हणून सुमारे ५२ लाखच नोंदले गेले. उरलेले तेरा लाख कोण? त्यांत थोडे इतर असतील. पण बहुसंख्य माझ्या आजीसारखेच असले पाहिजेत : ज्यांनी धर्म सांगितला आणि जात सांगायला ताठ मानेने नकार दिला, किंवा ज्यांना पुढचा प्रश्न विचारलाच गेला नाही. ते तेरा लाख धरले असते तर ११.८ चे १३ टक्के झाले असते. विधानसभेच्या तीनेक जागा आणि दर वर्षीच्या योजनेतला सव्वा टक्का.

याची दुसरी बाजूही तितकीच बोचणारी आहे. त्याच जनगणनेत महार म्हणून नोंदलेले लोक सुमारे ८० लाख. त्यांतले ४९ लाख बौद्ध, आणि तीस लाखांच्या घरात हिंदू. या तीस लाखांत मनाने आणि आचाराने खरोखर हिंदू असलेले काही असतील, त्यांचा तो अधिकार आहे. परंतु घरात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आणि कागदावर हिंदू, असे किती असतील? काहींना भीती वाटते की बौद्ध लिहिले तर दाखला अडेल. १९९० पूर्वी ती भीती खरी होती. आज तिला आधार नाही, पण भीती कायद्याबरोबर रद्द होत नाही. आणि काही ठिकाणी मोजणारा विचारतच नाही, आडनाव पाहून धर्म लिहून टाकतो. म्हणजे कोणी पहिल्या रकान्यात हरवतो, कोणी दुसऱ्या.

चळवळीत यावर दोन मते आहेत, आणि दोन्हींकडे प्रामाणिक माणसे आहेत. एक मत म्हणते की जातीचे नाव उच्चारणे म्हणजे दीक्षेचा भंग. धर्मही बौद्ध आणि जातही बौद्धच लिहा, नाहीतर जाती मोडण्याचे स्वप्न आपणच मोडतो. दुसरे मत म्हणते की जनगणनेचा कागद म्हणजे बावीस प्रतिज्ञा नव्हेत. सरकार तुम्हाला तुमची श्रद्धा विचारत नाही, समाजाने तुमच्या पूर्वजांना कोणत्या नावाने बाहेर ठेवले ते विचारते. अपघातात मोडलेला पाय डॉक्टरला दाखवताना आपण पाय मोडल्याचे समर्थन करीत नाही. मी दुसऱ्या मताचा आहे. पहिल्या मताचा उपहास मात्र मी करणार नाही, कारण त्या मताने माझे घर घडले.

मातंग समाजातले माझे सहकारी आणखी एक गोष्ट बोलून दाखवतात. १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या अंतर्गत वर्गीकरणाचा अधिकार राज्यांना मान्य केला. आपला वाटा वेगळा हवा ही मातंगांची मागणी जुनी आहे. त्याला विरोध करणाऱ्या आपल्या लोकांनी एवढे तरी मान्य करावे की कोण किती मागे राहिला हे खऱ्या आकड्यांवाचून ठरणार नाही. १९३१ नंतर देशात सगळ्या जातींची मोजणी प्रसिद्ध झाली नाही. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत जाती विचारल्या, पण लोकांनी सांगितलेली नावे ४६ लाखांवर गेली असे केंद्राने २०२१ साली न्यायालयात सांगितले, आणि तो हिशेब गुंडाळून ठेवला. नावे गोळा करायची पण त्यांची यादी करायची नाही, मग दुसरे काय होणार?

आगामी जनगणनेत सर्व जाती विचारण्याचा निर्णय ३० एप्रिल २०२५ ला झाला. १६ जूनला अधिसूचना निघाली आणि १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली. जागांवरचे गोठवणेही ८४ व्या घटनादुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंतच वाढवले होते. स्त्रियांच्या राखीव जागांची २०२३ ची घटनादुरुस्तीही नव्या जनगणनेनंतरच्या पुनर्रचनेशी जोडली गेली. म्हणजे १९७१ च्या मोजणीने जसे माझे बालपण बांधून ठेवले, तसे या मोजणीने आज पाळण्यात असलेल्यांचे बांधले जाईल.

आणि ही माणसांची मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच आहे. परभणी, बीड, जालना या जिल्ह्यांना फेब्रुवारीचा अर्थ कळतो. वस्त्या ओस असतात. म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे मागे राहतात. बाकी सारे फडात, कोपीत. नियम असा की मोजणीच्या सगळ्या मुदतीत जो घरी नाही, त्याला जिथे आहे तिथे मोजायचे. म्हणजे आमच्या वस्तीची धडधाकट माणसे कागदोपत्री सांगली-कोल्हापूरची किंवा कर्नाटकाची होतात, आणि तिकडच्या मोजणाऱ्याला उसाच्या फडाकडे जायला सवड झाली नाही तर कुठलीच राहत नाहीत. २०११ साली कोपीवर कोणी कागद घेऊन आल्याचे माझ्या आईला आठवत नाही. गावात मात्र माणसे कमी भरली, की त्या प्रमाणात वस्तीची पंचायतीतली जागाही डळमळते आणि नालीही लांबते.

म्हणून गेल्या दिवाळीपासून मी आणि माझे दोनतीन विद्यार्थी मुकादमांच्या टोळ्यांची यादी करीत आहोत : कोणती टोळी, कोणता कारखाना, किती कोयते, किती लेकरे. या परिसरातल्या कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी आपापल्या गावची अशी यादी केली, तर फेब्रुवारीत त्या त्या तालुक्यातल्या जनगणना कचेरीला ती वेळेवर देता येईल. मोजणारे बहुतेक शिक्षकच असतात, त्यांत आपलेही पुष्कळ आहेत. त्यांनी आडनावावरून धर्म लिहू नये आणि ‘बौद्ध’ ऐकल्यावर पुढचा प्रश्न गाळू नये, एवढे केले तरी पुष्कळ झाले.

आजी आता नाही. आईला मी हे सारे एकदा बसून समजावले : धर्माच्या रकान्यात बौद्ध सांगायचे, आणि जातीचे नाव विचारले की यादीतले नाव सांगायचे. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, “आरं, मग तुझी आजी चुकली व्हती का?” मी म्हणालो, नाही. “मग मी काय सांगू?” मी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागलो. अठरा जागा, छत्तीस जागा, नाली, इष्टांक. ती म्हणाली, “ते कळलं. पर नाव तोंडातून निघायला पायजे ना.” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. ती अजून विचार करते आहे.